सेवा खर्च, युरो पंच्याण्णव

माझ्या मुलीला परदेशात नोकरी मिळाली याचा मला आनंद झाला नाही, असे आमच्याकडे आल्यागेल्याला सांगितले जाते. हे विधान मी संपूर्णपणे नाकारतो. मला आनंद झाला होता. नेमणुकीचे पत्र वाचून संपेपर्यंत, म्हणजे सुमारे चार मिनिटे, तो टिकलाही होता.

पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात कंपनीने असे म्हटले होते की, देऊ केलेल्या वेतनात उमेदवारास रॉटरडॅम शहरात आरामात राहता येईल. आराम म्हणजे काय, याची व्याख्या पत्रात कोठेही नव्हती. मी पाठपोट पाहिले. ज्या शब्दाच्या भरवशावर एका मुलीने घर सोडून जायचे, तो शब्द असा उघड्यावर टाकून देणाऱ्या माणसाला मी साधी नोटीसही टंकू दिली नसती.

हे मी अधिकाराने बोलतो. दिवाणी न्यायालयातून मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीशांपुढे जाणारा कागद आधी शिरस्तेदाराच्या नजरेखालून जातो, आणि माझ्या काळात त्यांतील निम्मे कागद तेथूनच परत जात असत. निवृत्तीनंतर पनवेलजवळ सुकापूरला राहावयास आलो तेव्हा हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून मी पत्रव्यवहार सुरू ठेवला. वीज, पाणी, सोसायटीची गळकी टाकी, बँकेच्या पासबुकातील फिकट शाई, असा एकही विषय नाही ज्यावर माझे किमान एक स्मरणपत्र गेलेले नाही.

मुलगी एकतीस वर्षांची. न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कंपनीत ती नऊ वर्षे कंटेनरची कागदपत्रे करीत होती. कोणत्या पेटीत काय आहे आणि ते कोणत्या नियमाखाली आहे, हे तिला पेटी न पाहता सांगता येते. हा गुण तिच्यात कोठून आला याबद्दल आमच्या घरी दुमत नाही. तो गुण आहे की नाही, याबद्दल आहे.

नोकरी तिने स्वीकारली. विमानाचे तिकीटही काढले. त्यानंतर एका सकाळी चहा घेता घेता तिने मला परदेशातील आपले मासिक अंदाजपत्रक मोबाइलवर दाखविले. त्यात पाच ओळी होत्या. घर, खाणे, प्रवास, विमा आणि मजा.

"हे काय आहे?" मी विचारले.

"बजेट."

"शेवटची ओळ?"

"मजा, बाबा. दीडशे युरो."

मी एका युरोचे शंभर रुपये धरतो. वरखाली काय होईल ते बाजाराने पाहावे, मला तोंडी गुणाकार जमला पाहिजे. पंधरा हजार रुपये! दरमहा! शासकीय सेवेच्या सबंध काळात मजा हे लेखाशीर्ष माझ्या पाहण्यात आले नव्हते, आणि ते मी तिला सांगितले.

"पंधरा हजारांत भागेल का गं तुझी मजा?" आतून सौ. म्हणाली. "तिथं चहाच साडेतीनशेला आहे म्हणतात."

ही माहिती मला नवीन होती. मी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या दिवसापासून तीन आठवडे आमचे जेवणाचे टेबल जेवणासाठी उपलब्ध नव्हते.

मी तयार केलेले अंदाजपत्रक सतरा पानांचे होते आणि त्यास चार परिशिष्टे जोडली होती. परिशिष्ट अ, उत्पन्न. परिशिष्ट ब, अटळ खर्च. परिशिष्ट क, टाळता येण्याजोगा खर्च. परिशिष्ट ड, ज्याचा विचारही करू नये असा खर्च. केस कापण्यास तेथे तीस युरो पडतात असे आढळल्याने केस परिशिष्ट ड मध्ये गेले. विम्याच्या कलमाने मला दोन दिवस जेवण गोड लागू दिले नाही. तेथे विमा सक्तीचा, हप्ता दरमहा, आणि तरीही वर्षातील पहिल्या काही शे युरोंचे दुखणे तुम्ही स्वतःच्या खर्चाने दुखायचे! याला विमा म्हणतात? मी मुलीला स्पष्ट बजावले की, आजारी पडायचेच असेल तर मोठे पडावे, किरकोळ परवडणार नाही.

"अहो, पोरगी जायची आहे, काहीतरी शुभ बोला."

"मी आकड्यांबद्दल बोलतो आहे."

"आकड्यांबद्दलच शुभ बोला."

आता मुख्य मुद्दा. या सर्व डोलाऱ्याचा आधार एकच होता, तो म्हणजे एक खोली. मुलीने मला समजावून सांगितले होते की, त्या देशात राहण्याचा पत्ता नसेल तर नगरपालिकेत नोंद होत नाही, नोंद नसेल तर ओळख क्रमांक मिळत नाही, क्रमांकाशिवाय बँकेत खाते नाही आणि खात्याशिवाय पगार नाही. कंपनीने म्हणूनच अट घातली होती की, महिनाअखेरपर्यंत दोन्ही बाजूंच्या सह्यांचा भाडेकरार सादर करावा, अन्यथा जागा यादीतील पुढच्या उमेदवारास दिली जाईल. खोल्यांचा तेथे दुष्काळ. मुलीने चाळीसच्या वर ठिकाणी अर्ज केले होते. होकार एकच आला, तो एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या विधवा बाईंचा. वरच्या मजल्यावरची खोली, भाडे सहाशे नव्वद युरो, स्वयंपाकघर सामाईक. दोघींचे व्हिडिओवर बोलणे झाले, बाईंना मुलगी आवडली. करार येणार होता. ती खोली गेली असती तर नोकरी गेली असती. यात अर्थ लावण्यासारखे काही नव्हते.

कंपनीसाठी मी तेवीस प्रश्नांचा एक मसुदा तयार केला होता. पहिला प्रश्न आराम या शब्दाबद्दल होता. मुलीच्या तो दृष्टीस पडला.

"बाबा, हे तुम्ही पाठवणार नाही आहात."

"केवळ खुलासा मागितला आहे."

"तेवीस खुलासे. बाबा, प्लीज. कंपनीला एक ओळही लिहायची नाही. शपथ घ्या."

"मी शपथ घेत नाही. प्रतिज्ञेवर सांगतो."

"कशावरही सांगा, पण सांगा."

कंपनीस पत्र लिहिणार नाही, असे मी प्रतिज्ञेवर सांगितले. ती प्रतिज्ञा मी आजतागायत पाळलेली आहे. पुढील हकिगत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

पत्र लिहिता येत नाही म्हटल्यावर मी अंदाजपत्रकाची प्रत्यक्ष चाचणी घ्यावयाचे ठरविले. सबंध एक आठवडा मुलीने सुकापुरातच, परंतु रॉटरडॅमच्या दराने राहायचे. नियम मी टंकून फ्रिजवर लावले. मुलीच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडचा भाग परदेश समजण्यात येईल. वाहतूक केवळ सायकलने. धुणेभांडी स्वतः. प्रत्येक वस्तू तिकडच्या किमतीस, आणि फरकाची रक्कम माझ्याकडे जमा.

मुलीने नियम वाचले. मला वाटले होते ती चिडेल. ती म्हणाली, "चालेल. पण मग आईनं माझ्या खोलीत यायचं नाही. व्हिसा नाहीये तिच्याकडे."

"मला कोण यायला सांगतंय," सौ. म्हणाली. "तुमचा तो देश कालपासून झाडलेला नाही."

अडचण पहिल्याच दिवशी कोथिंबिरीवर आली. आमच्या इमारतीखाली नेरे गावच्या एक बाई रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन बसतात. स्वतःच्या मळ्यातली भाजी, जिभेला हाड नाही, पण मापात चोख. त्यांच्याकडे मी रीतसर प्रस्ताव मांडला. मुलगी येईल तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीचे दीडशे रुपये घ्यायचे आणि त्यांतील एकशे चाळीस शनिवारी मला परत करायचे.

बाईंनी माझ्याकडे खालून वर पाहिले. "काका, ऊन लागलं काय तुमाला?"

"ही तालीम आहे. ती परदेशी जाणार आहे."

"मंग जाऊ द्या की. मी काय केलंय?"

"तिला तिकडच्या दराची सवय व्हावी म्हणून."

"आन् दहाची जुडी दीडशेला इकायची सवय मला झाली म्हंजी?"

हा मुद्दा माझ्या मसुद्यात आलेला नव्हता. तरी बऱ्याच मिनतवारीने त्या तयार झाल्या. मुलगी खाली उतरली, जुडी घेतली आणि ठरल्याप्रमाणे दीडशे रुपये मोजून दिले. दुर्दैवाने ते मोजताना तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या मिळून चार महिला तेथे वांगी निवडत होत्या.

दुपारपर्यंत ही बातमी सोसायटीच्या मोबाइल गटावर पोहोचली. एका निरागस मुलीकडून कोथिंबिरीचे दीडशे उकळले, असा तिचा आशय होता. मंगळवारी बाईंच्या पाटीकडे कोणी फिरकले नाही. मी गटावर खुलासा टाकला. तो चार परिच्छेदांचा असल्याने कोणी वाचला नाही. बुधवारी सकाळी दारावर थाप पडली. बाई पाटीसह आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढून आल्या होत्या आणि त्यांनी पाटी माझ्या पायांशी ठेवली.

"काका, दोन दिस भवानी नाय झाली. पालक सुकाया लागला. ह्यो समदा तुमी घ्या."

"परंतु झालेल्या नुकसानीस मी प्रत्यक्ष—"

"परतेक्ष-बिरतेक्ष आमाला कळत नाय. तुमी बोललाव, मी केलं. आता पैसं काढा."

मी मनात दावा उभा करून पाहिला. कृती माझ्या सांगण्यावरून, परिणाम थेट, नुकसान हिरवेगार समोर. बाजू बाईंची भक्कम होती. मी अकरा जुड्या पालक घेतला आणि शिवाय खाली जाऊन चारही महिलांसमोर तोंडी जबाब दिला, तेव्हा कोठे धंदा पूर्ववत झाला. पालकाचा खर्च कोणत्या परिशिष्टात घालावा याबाबत मुलीशी माझा वाद झाला. हा देशांतर्गत खर्च आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे ती तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली. कायद्याने ती बरोबर होती. पालक आम्ही दोघांनी शनिवारपर्यंत खाल्ला.

त्याच बुधवारी डिसेंबर होता. म्हणजे अंदाजपत्रकापुरता. तेथे हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च फार, म्हणून अंगात कपडे घालून तो किती वाचविता येतो हे पाहणे प्राप्त होते. मे महिना असल्यामुळे मी तिच्या खोलीतील एसी सोळा अंशांवर लावला आणि तिला स्वेटर, कानटोपी व दोन मोज्यांचे जोड घालून सहा तास बसविले. ती मजेत होती. लॅपटॉपवर कसली तरी मालिका पाहत होती. चार वाजता सौ. व्हिसाची पर्वा न करता आत शिरली आणि शाल पांघरून तिच्या शेजारी बसली.

"आई, तू बेकायदेशीर आहेस."

"असू दे. अख्ख्या पनवेलमधे एवढं गार कुठं नाही."

पाचच्या सुमारास मीही गेलो, परंतु केवळ निरीक्षणासाठी. थंडीचा खर्च वाचविण्याच्या या प्रयोगाचे विजेचे बिल पुढील महिन्यात आले. त्याबाबतचे माझे पत्र अद्याप अनुत्तरित आहे.

शनिवारी हिशेब झाला. आठवड्याचे आकडे चारने गुणिले, सारे खर्च वजा केले, मजेचे दीडशे युरो मी चाळीसवर आणले होते तेही वजा केले, आणि तरीही शिल्लक राहिली. एकवीस युरो. फार नव्हे, परंतु ती उजव्या बाजूला होती. मुलीने मला टाळी दिली. मला टाळी देण्याची सवय नाही, ती चुकून तिच्या मनगटावर बसली. पण मी समाधानी होतो. त्या दिवशी कोणी विचारले असते तर आराम या शब्दावरचा माझा आक्षेपही मी तात्पुरता मागे घेतला असता.

त्याच संध्याकाळी रॉटरडॅमच्या बाईंचा करार आला.

मुलीने तो मला वाचावयास दिला, ही तिची चूक. मी वाचला, हा माझा स्वभाव. तेरा कलमे होती. सुटसुटीत करार होता, इंग्रजीही स्वच्छ. आणि नवव्या कलमात, भाड्याखाली, एक ओळ होती: सेवा खर्च, युरो पंच्याण्णव, दरमहा.

कसली सेवा? कोणाची? पाणी की वीज, जिना झाडणे की खिडकी पुसणे? काही नाही. नुसते पंच्याण्णव. आमच्या एकवीस युरोंच्या शिल्लकीवर हा आकडा मालगाडीसारखा आला. मी मुलीला विचारले. ती म्हणाली, असेल गॅस, पाणी, इंटरनेट, तिथे असेच असते. तिथे असेच असते! ज्या वाक्याविरुद्ध मी उभे आयुष्य आक्षेपांच्या टाचण्या मारल्या, तेच वाक्य माझ्याच मुलीच्या तोंडी.

"आपण मजा काढून टाकू, बाबा. आणि केस मी घरीच कापीन. सोडा."

ती हे हसत म्हणाली. मला ते सहन झाले नाही. चाळीस युरोंची मजा, तीही मी कापून ठेवलेली, आणि ती एका बिनखुलाशाच्या ओळीत जाणार?

मी कंपनीस लिहिणार नव्हतो. घरमालकीण म्हणजे कंपनी नव्हे. रविवारी सकाळी मायलेकी प्रवासाच्या बॅगा घेण्यासाठी बाजारात गेल्या असताना मी बाईंना पत्र लिहिले. चार पाने. भाषा अतिशय सभ्य. सेवा खर्चाचा बाबवार तपशील मागितला, मागील तीन वर्षांच्या पावत्या पाहण्याचा हक्क राखून ठेवला, आणि उत्तरासाठी सात दिवसांची मुदत दिली. सही केली, शिक्का मारला, मोबाइलवर छायाचित्र काढून ईमेलने रवाना केले.

आणि शेवटी, डाव्या कोपऱ्यात, हाताच्या सवयीने एक ओळ टाकली. प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: भाडेविषयक कक्ष, नगरपालिका, रॉटरडॅम. पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर होता. एक प्रत तिकडेही पाठविली.

येथे मला वाचकांच्या न्यायबुद्धीस आवाहन करावयाचे आहे. मी हजारो पत्रांखाली ती ओळ लिहिली आहे. तहसीलदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना, मंत्रालयातील सचिवांना प्रती माहितीसाठी धाडल्या आहेत. त्यांपैकी कोणी कधी ती माहिती करून घेतल्याचे मला ज्ञात नाही. ती ओळ म्हणजे पत्राच्या पायांतील पैंजण. वाजते म्हणून घालायची. कोणत्याही सभ्य देशात ती प्रत फायलीला लागते आणि फाईल कपाटाला लागते.

तेथे ती वाचली गेली! सोमवारी दुपारी पाठवलेल्या पोचीत त्यांनी माझे नाव अचूक लिहिले होते. मंगळवारी एका अधिकाऱ्याने बाईंना दूरध्वनी केला.

हे आम्हाला कळले ते बुधवारी, मुलीच्या फोनवर बाईंचा संदेश आला तेव्हा. तिने तो उभ्याउभ्याच वाचला. मग माझ्यासमोर फोन धरला. संदेश असा होता: तुझे वडील कोण आहेत आणि त्यांनी माझी तक्रार का केली? करार मी सध्या थांबवीत आहे.

महिनाअखेर शुक्रवारी होती.

मुलगी ओरडली असती तर बरे झाले असते. ओरडण्याला उत्तर देता येते. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाला कुणाला पाठवलंत?"

"कंपनीस नाही."

"ते नाही विचारलं मी."

मी सांगितले. प्रतीसह सांगितले. प्रत हा शब्द उच्चारताना प्रथमच मला तो जड वाटला.

"तपशील मागण्याचा भाडेकरूला हक्क आहे," मी म्हणालो. "त्यांच्याच नगरपालिकेने पोचीत तसे लिहिले आहे. मी बरोबर होतो."

"हो. तुम्ही बरोबरच असता. पण खोली बरोबर असण्यावर नव्हती मिळत, बाबा. मी त्यांना आवडले होते म्हणून मिळत होती."

ती आत गेली. सौ. कणीक तिंबत होती. कणीक नेहमीपेक्षा जास्त वेळ तिंबली गेली.

त्या दुपारी माझ्यापुढे कोरा कागद होता आणि मला एक शब्दही लिहावयाचा नव्हता. क्षमायाचनेचे पत्र लिहावे असे एकदा मनात आले. मुलीने ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे, कारण तिने येऊन टेबलावरचे पेन, शिक्का आणि माझा मोबाइल उचलून नेला. मी अडवले नाही. जप्तीस हरकत घेण्याइतका मी त्या क्षणी निर्दोष नव्हतो.

मग तिने बाईंना फोन लावला. दार उघडे होते, बोलणे इंग्रजीत चालले होते, आणि बाईंचा आवाज खणखणीत असल्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. पुढील मजकूर मी मराठीत देत आहे.

"त्यांनी तुमच्याविरुद्ध तक्रार केलेली नाही. ते असेच लिहितात. सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बँकेला. पाणीवाल्यांना. माझ्या शाळेला त्यांनी एकदा गृहपाठाच्या समासाबद्दल लिहिलं होतं."

"वय काय त्यांचं?"

"अडुसष्ट."

बाईंनी विचारले, "ते इथे राहायला येणार आहेत का?"

"नाही."

"कधीच?"

"त्यांना विमा परवडत नाही."

यावर पलीकडून जो आवाज आला तो खोकला होता की हसू, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. बाई विचार करून कळवते म्हणाल्या. मुलीने फोन ठेवला आणि गुरुवारी दिवसभर ती बॅगेची चेन नुसती उघडमीट करीत राहिली. बॅगेत काहीही भरलेले नव्हते. मी पेपर वाचला. जाहिरातींसह वाचला, आणि एकीतही चूक काढली नाही.

उत्तर शुक्रवारी सकाळी आले. बाईंनी सेवा खर्चाचा तपशील दिला होता. गॅस, पाणी, इंटरनेट, जिन्यातील दिवा. बेरीज एकसष्ट. त्यांनी लिहिले होते की, पंच्याण्णव हा आकडा त्यांच्या दिवंगत पतींनी ठरविला होता, तो कसा ठरविला हे त्यांनी कधी विचारले नव्हते, आणि आता त्या एकसष्टच घेतील. खोली मुलीचीच होती. मात्र करारात चौदावे कलम नव्याने घातले होते, आणि त्यावर भाडेकरूच्या वडिलांची नोटरीसमोर केलेली सही आजच्या आज हवी होती.

कलमाचा मजकूर असा: भाडेकरूचे वडील या मालमत्तेसंबंधी घरमालकीण, तिचे शेजारी, नगरपालिका अथवा अन्य कोणत्याही प्राधिकरणाशी कोणत्याही स्वरूपाचा पत्रव्यवहार करणार नाहीत, तसेच त्याच्या प्रती पाठविणार नाहीत, आग, पूर व मृत्यू यांचा अपवाद.

आम्ही तिघे रिक्षाने पनवेल कोर्टाकडे गेलो. बाहेर टेबल टाकून बसणारे नोटरी वकील माझ्या जुन्या परिचयाचे. त्यांचे कित्येक अर्ज मी समासासाठी परत केले आहेत. त्यांनी कलम वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले, या खेपेस मोठ्याने. आजूबाजूच्या टेबलांवरचे टंकन थांबले.

"शिरस्तेदार," ते म्हणाले, "हे कोणी ड्राफ्ट केलं?"

"तेथील एका गृहिणीने."

"बाईंना माझा नमस्कार कळवा. तीस वर्षं आम्ही सगळ्या बार असोसिएशननं प्रयत्न केला, आम्हाला हे सुचलं नाही."

"त्यांना कळवता येणार नाही, साहेब," सौ. म्हणाली. "चौदावं कलम."

मी टोला मनावर घेतला नाही. माझे लक्ष मजकुरावर होते. मसुदा उत्तम होता. प्रतींचासुद्धा वेगळा उल्लेख होता. हे चांगल्या चांगल्यांच्या लक्षात येत नाही. परंतु एक उणीव होतीच. मृत्यू, पण कोणाचा? माझा झाल्यास अपवाद निरर्थक. बाईंचा झाल्यास पत्र कोणास लिहावयाचे? मी नोटरींना म्हणालो की, सहीपूर्वी एवढा एक खुलासा मागविणे इष्ट ठरेल. कलम अद्याप अमलात आलेले नसल्यामुळे तो मागविता येईल.

"अहो," सौ. म्हणाली. "सही करा."

मुलगी मोबाइलवरची वेळ पाहत होती. रॉटरडॅमचे कार्यालय बंद होण्यास अवधी होता, पण तो तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

मी पेन घेतले. आता मी कोणताही कागद निव्वळ सही करून दिलेला नाही. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीसुद्धा मी सहीखाली 'हक्क राखून' असे लिहिले होते, आणि त्याचा उल्लेख घरात अजून होतो. सही झाली. पेन सवयीप्रमाणे खालच्या ओळीवर उतरले. 'ह' चा अर्धा फाटा निघालासुद्धा असेल. तेवढ्यात मुलीने आपला तळहात कागदावर, माझ्या पेनाच्या खाली, सपाट ठेवला. नखांवर रंग लावला होता, परिशिष्ट ड मधला.

मी पेनाला टोपण लावले.

नोटरींनी शिक्का मारला. मुलीने तेथेच छायाचित्र काढून बाईंना पाठविले, बाईंची सही असलेला करार काही मिनिटांत परत आला, आणि तिने तो कंपनीला पाठवून दिला. मग तिने माझ्या दंडाला धरले आणि ती हसू लागली, इतकी की तिला खुर्ची द्यावी लागली.

सौ. मात्र टेबलापाशीच उभी होती.

"साहेब," ती नोटरींना म्हणाली, "यात घरमालकिणीच्या जागी 'सुकापूर, पनवेल व परिसर' असं घालून आणखी एक प्रत करून मिळेल का?"

वकीलसाहेब गंभीरपणे खण उघडून स्टॅम्प पेपर शोधू लागले. मी कोणाचीही वाट न पाहता रिक्षा थांबवायला रस्त्यावर आलो.